परसदारची माची

आमच्या घराच्या मागच्या दाराला चिऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत. उंच, ओबडधोबड, एकीचं एकीशी माप न जुळणाऱ्या. आई त्या दिवसातून पन्नासदा उतरायची. परसात तिची तांबडी भाजी, दोडकी, हळद, अळू आणि कुंपणाकडेला अबोली. गोवा घटकराज्य झाला त्याच्या पुढच्या वर्षी एका सकाळी आईची उजवी बाजू गेली, आणि त्या दिवसापासून ती परसात उतरली नाही.

पाय पुष्कळसा परत आला. भिंत धरून ती दारापर्यंत चालायची. हात मात्र आला नाही. डिचोलीच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "हात मेलेला नाही, रुसलाय. वापरला तर येईल. नाही वापरला तर काही महिन्यांत गेला म्हणून समजा." बायकोने तिच्यापुढे सोलायला वाल ठेवले, मी रबरी चेंडू आणून दिला. वाल बायकोनेच सोलले आणि चेंडू खिडकीत धूळ खात पडला. आई उजवा हात पदराखाली झाकून बसायची. जेवताना डाव्या हातात चमचा धरावा लागे, त्याची तिला इतकी लाज की ताट घेऊन भिंतीकडे तोंड करायची आणि आम्हाला खोलीबाहेर घालवायची. पूर्वी तिचं तोंड बंद ठेवायला देवसुद्धा धजला नसता. आता दिवसभरात दोन शब्द, तेही "हय" आणि "नाका", म्हणजे हो आणि नको.

मी तेव्हा डिचोलीजवळच्या एका खाणीवर भांडारात होतो. कोणता नट कोणत्या खणात आहे ते झोपेतही सांगितलं असतं, पण आयुष्यात एक पाटसुद्धा मी स्वतःच्या हाताने जोडलेला नव्हता. खोड मात्र एक होती. कुठलीही वस्तू दिसली की ती उभी कशी राहते हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे. लहानपणी देवळातला पेट्रोमॅक्स उघडून ठेवला म्हणून मी मारही खाल्ला होता.

एक दिवस खनिज बघायला आलेला एक जपानी पाहुणा भांडारात आला. त्याच्या बुटाचा तळ सुटला होता आणि त्याला गमबूट हवे होते. त्याच्या मापाचे बूट मी शोधत होतो तोवर त्याने पाकिटातून एक फोटो काढून माझ्यासमोर धरला. एक म्हातारी. घराच्या दाराला लागून, घराच्याच उंचीवर लाकडाची एक फळी-फळीची बैठक, वर छप्पर नाही, आणि तिच्या कडेवर ही म्हातारी पाय सोडून बसलेली. पायांखाली कसल्यातरी पालेभाजीचा वाफा. त्याने म्हातारीकडे बोट दाखवून मग आपल्या छातीवर ठेवलं. त्याची आई.

मला त्या आईपेक्षा आधी तिच्याखालचं लाकूड दिसलं, हे कबूल करतो. हे उभं कशावर आहे? पावसात कुजत कसं नाही? मी खाणाखुणांनी विचारत सुटलो. त्याला इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं, म्हणजे येत नव्हतं. शेवटी तो एका पालथ्या खोक्यावर बसला आणि गेटपासाच्या पाठीवर चित्र काढू लागला. खाली दगड, दगडावर ठेंगणे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या. दोन फळ्यांच्या मध्ये त्याने आपली करंगळी उभी धरली, मान हलवली, आणि फटीतून खाली पडणाऱ्या पाण्याच्या रेघा काढल्या. बसमधून घरी जाताना तो कागद मी इतक्या वेळा उघडून बघितला की घडीवर फाटला. एक गेटपास कमी भरला म्हणून फाटकावरच्या कारकुनाने माझा उद्धार केला तो वेगळाच.

घरी येऊन मी दार मोजलं. जोत्याची उंची अडीच हात. तेवढ्याच उंचीवर आठ हात लांब आणि सहा हात रुंद अशी बैठक केली तर आई पायरी न उतरता परसात जाईल. जाईल की नाही हे तिला विचारावं असं मला सुचलं नाही.

गावातला मेस्त, म्हणजे आमचा सुतार, तेव्हा साठीच्या पुढचा. आमच्या लाटंबार्शे गावात अर्ध्या घरांची दारं त्याच्या हातची होती. त्याच्या दाराच्या जोडात नख शिरायचं नाही, आणि हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला नख लावून दाखवायचा. मी कागद त्याच्यापुढे पसरला.

"ह्यां काय? पलंग?"

"पलंग न्हय, मेस्ता. दाराक लागून बसूक."

"मगे छप्पर खंय?"

"छप्पर ना."

"पावसात कुजतला." त्याने कागद माझ्याकडे सरकवला.

मी त्याला फटींचं सांगितलं. करंगळीएवढी फट, पाणी खाली जातं, वारा खेळतो, लाकूड सुकतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या आईवरून काही बोललो असतो तरी त्याने असं बघितलं नसतं.

"फटी? माझ्या कामाक फटी? पन्नास वर्सां फटी बुजवण्यात गेली माजी!"

तरी तो आला, कारण आईच्या लग्नातला पाट त्याच्या बापाने केला होता आणि आईसाठी कुणी काही मागितलं तर नाही म्हणायची त्याच्या घरात पद्धत नव्हती. आम्ही डिचोलीच्या वखारीतून किंदळाच्या फळ्या आणल्या. चिऱ्याचे बारा ठेंगणे खांब गवंड्याने उभे केले. तो चंदगडकडचा, शेजारच्या गावात शाळेचं काम करत होता, रविवारी मोकळा असायचा. वाळवी लागू नये म्हणून तुळयांना काजूच्या टरफलांचं काळं तेल फासलं. ते तेल माझ्या मनगटाला लागलं आणि फोड आले. मेस्ताला फार आनंद झाला.

या वस्तूला म्हणायचं काय, हाही प्रश्नच होता. त्या दिवसांत राजभाषेचं भांडण ताजं होतं. हॉटेलात मराठी की कोंकणी म्हणून लोक चहाचे पेले आपटायचे, आमच्या घरात मराठी पेपर यायचा आणि त्यावरचं भांडण कोंकणीत व्हायचं. आता दोन्ही भाषांच्या कैवाऱ्यांनी कुंपणाशी येऊन बघितलं आणि दोघांनाही नाव सांगता येईना. सोपो म्हणावा तर छप्पर नाही. बलकांव म्हणावा तर तो पुढच्या दारी, आणि त्याला बसायला सिमेंटचे बाक. एकाने मांडव सुचवलं, तर दुसऱ्याने लग्न कोणाचं म्हणून विचारलं. शेवटी शेतात राखण करायला बांधतात तिच्यावरून मेस्त माची म्हणाला आणि तेच नाव पडलं. दोन्ही पक्षांना ते आपलंच वाटलं.

मग व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी पाळीवरून येतो तर पहिल्या चार फळ्या बसलेल्या, आणि चारही एकमेकींना अशा भिडलेल्या की खरंच नख जाईना. मेस्त बाजूला विडी ओढत समाधानाने बसला होता. मी तापट. घरात सगळ्यांचं एवढ्या एका बाबतीत एकमत आहे. मी विहिरीवरून कळशी आणली आणि फळ्यांवर ओतली. पाणी तळं होऊन थांबलं. त्यात मेस्ताची विडीची पेटी भिजली.

"बघ!" मी म्हणालो. "आसाडात हंय बेडूक पाळूया काय?"

मेस्त उठला, रंधा पिशवीत घातला आणि गेला. चार दिवस आला नाही.

मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, चित्र आहे, फळ्या आहेत, खिळे तर मी आयुष्यभर मोजत आलोय. चारही फळ्या उचकटून मी पहिला खिळा ठोकला तो वाकला. दुसरा वाकला. तिसरा उडून केळीत गेला. किंदळाला आधी गिरमिटाने भोक पाडावं लागतं हे ज्ञान मला सतराव्या खिळ्याला झालं. अंगठ्याचं नख काळंनिळं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "भांडारातला माणूस भांडारातच बरा." त्याच वेळी मला दिसलं की कुंपणापलीकडे, तोंड रस्त्याकडे पण डोळे माझ्याकडे करून, मेस्त उभा आहे. तो तिथे किती वेळ होता कोण जाणे.

आणि याच चार दिवसांत एक गोष्ट घडली, जी माझ्या लक्षात यायला उशीर झाला. मी ठोकत होतो तेव्हा आतून आईचा आवाज आला. मला वाटलं पाणी हवंय.

"फटी कित्याक?" तिने विचारलं.

गेल्या कित्येक महिन्यांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी हातातली हातोडी तशीच घेऊन आत गेलो, तिच्या खाटेच्या कडेवर बसलो आणि तिला कागद दाखवला. दगड, खांब, पाणी कसं खाली जातं, सगळं. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, "खालची हळद मरतली. ती काड आणि विहिरीकडे लाय."

हा हुकूम होता. मी इतका खूश झालो की त्याच संध्याकाळी बत्तीच्या उजेडात हळदीचे गड्डे खणून विहिरीकडे लावले. बायको दारात उभी राहून हसत होती आणि डोळेही पुसत होती.

पाचव्या दिवशी अडला हरी मेस्ताच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मी माझा काळा अंगठा दाखवला. त्याने तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "कागद हाड." मी आणून दिला. दुसऱ्या दिवशी आला तो खिशात लाकडाचे तासलेले आठ खुट घेऊनच. सगळे एकाच जाडीचे, त्याच्या करंगळीच्या मापाचे. फळी ठेवायची, खुट लावायचे, दुसरी फळी भिडवायची, खिळे मारायचे, खुट काढायचे. फट पहिल्यापासून शेवटापर्यंत सुतासारखी सरळ. त्याने कुणाला न विचारता आपली अब्रू फटीतही वसूल करून घेतली होती. पुढे तो गिऱ्हाइकांना नखाऐवजी करंगळी घालून दाखवू लागला.

आईचे प्रश्न चालू राहिले. आज किती फळ्या झाल्या? कडेला काही लावलंय की माणूस सरळ खाली? जनावर, म्हणजे साप, खालून वर येणार नाही ना? बायको उत्तरं द्यायची आणि न आलेली माझ्याकडे पाठवायची, मी मेस्ताकडे. मला वाटू लागलं की आई जिंकली, मी जिंकलो. वरच्या बाजूला आळशीच्या तेलाचे दोन हात दिले तेव्हा ती माची अशी चमकली की मीच चप्पल काढून चढलो.

शेवटल्या दिवशी मेस्ताने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. जागेच्या राखणदाराला म्हणजे जागेवाल्याला, बारा पाच देवतांना, गावच्या देवाला, सगळ्यांना सांगितलं की लेकराने नवं काम केलंय, राखण कर. नारळ फोडला. माचीच्या मधोमध मी आईची खुर्ची ठेवली. बायकोने आईला धरून मागच्या दारी आणलं.

आई उंबऱ्यावर थांबली. डाव्या हाताने चौकट धरली. तिने माची बघितली, पलीकडे भाजीचा वाफा बघितला, मग पुन्हा पायाशी असलेली पहिली फळी बघितली. पाय उचलला. पुन्हा खाली ठेवला.

"नाका," ती म्हणाली आणि मागे वळली.

मला काय झालं सांगता येत नाही. म्हणजे येतं. राग आला. मी तिच्या मागोमाग खोलीत गेलो आणि म्हणालो, "दीड महिनो तुज्यासाठी मरतंय मी, आणि तू एक पाय टाकूक तयार नाय? मगे पड थंयच खाटेर!" पदराखालचा हात तिने अजून आत ओढून घेतला. ते बघितलं आणि बोललेले शब्द तोंडात परत घालता आले असते तर मी घातले असते. मेस्ताने हत्यारं गोळा केली आणि जाताना माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला. पैशाचं नंतर बघू म्हणाला.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मनात मात्र तोच प्रश्न घोळत राहिला. ती कशाला घाबरली? फटींना? उंचीला? कडेला आम्ही बांबू लावला होता. फळी पायाखाली हलेल असं वाटलं? मी दोन्ही दिवस माचीवर उड्या मारून बघितल्या. हलत नव्हती. तेल निसरडं वाटलं असेल म्हणून ओला फडका फिरवून बघितला. नव्हतं निसरडं. लाकडाची चूक सापडली तर ती दुरुस्त करता येते. मला आईची चूक सापडत नव्हती, आणि डॉक्टरांनी सांगितलेले महिने संपत आले होते.

तिसऱ्या दिवशी पाळी संपवून आलो. बायको माहेरी गेली होती, शेजारची वैनी आईसोबत बसली होती. मी सवयीने सरळ परसदारी गेलो आणि माझ्या तोंडातून ओरडच निघाली.

माचीवर शेण होतं. दाराकडच्या सगळ्या फळ्या शेणाने सारवलेल्या. दोन हात आळशीचं तेल, त्यावर हिरवंगार ओलं शेण, आणि ज्या फटींसाठी मी मेस्ताशी भांडलो, अंगठा ठेचला, चार दिवस काम बंद ठेवलं, त्या पहिल्या सहा फटी काठोकाठ बुजलेल्या.

"कोणी केल्यान ह्यां?"

वैनी अळवाच्या आड जवळजवळ लपलीच. तिच्या हातात रिकामी बादली होती. "मी फकत शेण हाडलंय, भावोजी," ती म्हणाली. "मांयनी सांगल्यानी म्हणून. माका हात लावूक दिवक नाय."

आई उंबऱ्यात बसली होती. उंबऱ्याच्या आत नव्हे. तिचे दोन्ही पाय बाहेर, पहिल्या फळीवर होते.

"आये, ह्यां लाकूड!" मी म्हणालो. "लाकडाक कोण सारयता?"

"लाकूड तुका आणि मेस्ताक," आई म्हणाली. आवाज तिचा जुना, मला लहानपणी पळायला लावणारा. "माका ती भुंय. नवी भुंय केल्यात, नारळ फोडल्यात, आणि सारवक कोणाक याद नाय. न सारयलेल्या भुंयेर पाय घालतत?"

मी कपाळावर हात मारला. सगळं केलं होतं. जागेवाल्याला सांगितलं, गावच्या देवाला सांगितलं. नव्या जागेत पहिलं पाऊल टाकण्याआधी ती सारवायची असते हे आमच्या गावात पोरालाही कळतं. पण जपानी चित्रात शेण नव्हतं, आणि मी चित्राबाहेर बघितलं नव्हतं.

"मगे वैनीक सांगूचा. नाय तर मी आयलो असतंय," मी म्हणालो. रागाला आता काही धार राहिली नव्हती. "तू कित्याक बसलंस हंय एकटी?"

"माजी भुंय मी सारवतलंय. दुसरो कोण?"

"डाव्या हातान?"

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेत नापास झालो होतो.

"डाव्या हातान कोण सारयता रे?"

तेव्हा मी बघितलं. डाव्या हाताने तिने चौकट धरली होती आणि तो हात कोरडा, स्वच्छ होता. उजवा हात मांडीवर उपडा पडला होता आणि मनगटापर्यंत हिरवा होता. नखांत शेण होतं. उंबऱ्यालगतच्या फळ्यांवर बोटांचे ओढलेले पट्टे होते. आधी नुसते ओघळ, कुठे हात घसरून थांबलेला, मग हळूहळू चार बोटांची सलग कमान, तिच्याच हातची, जशी आमच्या अंगणात असायची. पट्टे तिचा हात पोचेल तिथवर जाऊन संपले होते. त्यापुढची फळी कोरडी होती.

मी तिथेच, त्या ओल्या शेणात, मटकन बसलो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आई माझ्याकडे न बघता पुढच्या कोरड्या फळ्यांकडे बघत होती, मनातल्या मनात मोजत असावी.

"उट थंयसून," ती म्हणाली. "सारयल्या भुंयेर बसलंस. अर्धा रवला हा, फाल्या सकाळी उठान करतंय."